मेन्स्ट्रुअल कप आत अडकला तर? लग्नाआधी वापरता येतो का? पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय होतं?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पीजीच्या बाथरूममध्ये मी वीस मिनिटं उकिडवी बसले होते आणि कप काही बाहेर येत नव्हता.

"अगं, ठीक आहेस ना?" रूममेटनं दार वाजवलं.

"तो वर गेलाय. मला हॉस्पिटलला न्यावं लागणार," मी जवळजवळ रडतच म्हटलं.

"कुठेही जात नाही तो. आधी श्वास सोड. दांडी ओढू नकोस. शौचाला बसल्यावर लावतो तसा हळू जोर लाव, आणि हाताला लागला की बूड चिमटीत दाब."

दोन मिनिटांत कप माझ्या हातात होता. बाहेर आले तर ती हसत होती. तिच्या पहिल्या महिन्यात तर ती म्हणे तासभर आत बसली होती.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर मैत्रिणी, चुलत बहिणी, ऑफिसमधल्या सिनियर ताई, अशा बऱ्याच जणींनी कपबद्दल विचारलं. गंमत म्हणजे 'कप चांगला की पॅड?' हे फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न ठरलेले असतात: अडकला तर? दुखतं का? आणि मग आवाज खाली आणून, लग्न झालेलं नसताना चालतो का?

एकेक करून बघू.

कप म्हणजे काय?

मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा, उलट्या घंटेच्या आकाराचा मऊ पेला. पॅड रक्त शोषून घेतं, कप ते साठवतो. घडी करून योनीमार्गात ठेवला की तो आत उघडतो आणि कडा भिंतींना हलक्या चिकटून बसतात. म्हणून झोपलात, धावलात, अगदी शीर्षासन केलंत तरी सहसा सांडत नाही.

ही वस्तू वाटते तितकी नवी नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीला १९३७ मध्ये अशा कपचं पेटंट मिळालं होतं. तेव्हाचा कप रबराचा होता, त्यामुळे कडक होता. सिलिकॉनचे मऊ कप गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळीकडे पोचले.

साधारण कपात २० ते ३० मिली रक्त मावतं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं. पॅड भरलेलं बघून आपल्याला ते पाव लीटर वाटतं, तो भाग वेगळा. म्हणजे बहुतेकींना दिवसातून दोनदा कप रिकामा केला तरी पुरतं. जास्तीत जास्त बारा तास ठेवायचा, त्यापुढे नाही. पहिल्या दोन दिवशी रक्तस्राव जास्त असेल तर चार-सहा तासांनीही रिकामा करावा लागेल.

आत कसा घालायचा?

व्हिडिओत हे पाच सेकंदांत होतं. खऱ्या बाथरूममध्ये होत नाही.

हात साबणानं धुवा. कप पाण्यानं ओला करा, कोरडा कप टोचतो. दोन घड्या शिकून ठेवा. एकीत कप चपटा करून मधोमध दुमडायचा. दुसरीत कडेचा एक भाग बोटानं आत दाबायचा, मग टोक निमुळतं होतं. मला दुसरी जमली. पहिल्यांदा घालणाऱ्यांना बहुधा तीच सोपी जाते.

आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती: योनीमार्ग सरळ वर जात नाही, पाठीकडे तिरका जातो. त्यामुळे कप बेंबीच्या दिशेला नाही, माकडहाडाच्या दिशेला ढकलायचा. पहिल्या महिन्यात माझी अर्धी मारामारी इथेच झाली.

आत गेल्यावर बुडाभोवती बोट फिरवून बघा. खड्डा लागला तर कप नीट उघडलेला नाही, थोडा फिरवा. न उघडलेला कप हमखास गळतो. दांडी टोचत असेल तर कप बाहेर काढून ती थोडी कापा. मी घाईत सगळीच कापली आणि मग महिनाभर पस्तावले.

पहिल्या पाळीत घरी असताना सराव करा आणि सोबत पॅड लावा. गळणार आहे हे धरूनच चाला. दुसऱ्या पाळीत कमी गळतं, तिसरीपर्यंत बहुतेकींचा हात बसतो.

दुखायला नको. घालताना थोडं विचित्र वाटेल, पण बसल्यावर कप जाणवता कामा नये. घाबरलं की तिथले स्नायू आवळतात आणि मग काहीच आत जात नाही. त्या दिवशी सोडून द्या, उद्या बघा.

आणि काढायचा कसा?

कप पोटात हरवत नाही. योनीमार्गाच्या वरच्या टोकाला गर्भाशयाचं मुख असतं आणि त्याचं छिद्र इतकं बारीक असतं की कप तिथून पुढे जाऊच शकत नाही. तो वर सरकल्यासारखा वाटतो, पण बोटाच्या टप्प्यात येतो.

नुसती दांडी ओढली तर आत पोकळी तयार होऊन कप आणखी घट्ट धरला जातो. मी नेमकं तेच करत होते. उकिडवं बसा, खाली जोर लावा, बूड हाताला लागलं की चिमटीत दाबा. कडेतून हवा आत गेली की पकड सुटते. मग डावीकडे-उजवीकडे हलवत सावकाश बाहेर. आपल्याकडचा भारतीय संडास या कामाला कमोडपेक्षा कितीतरी बरा.

रक्त संडासात ओता, कप गार पाण्यानं धुवा आणि परत घाला. ऑफिसात बेसिन बाहेर असेल तर पाण्याची बाटली आत न्या. खरं तर सकाळी निघताना घातला तर ऑफिसात काढायची वेळ फारशी येतच नाही.

मैत्रीण का लागते?

एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या दोन अर्थतज्ज्ञांनी नेपाळच्या चितवन जिल्ह्यात शाळकरी मुलींचा अभ्यास केला. सुमारे दोनशे मुलींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून कप दिले. ज्यांच्या जास्त मैत्रिणींना कप मिळाला होता, त्या सुरुवातीच्या महिन्यांत कप जास्त वापरू लागल्या. मैत्रिणींमुळे कप हवासा वाटू लागला असं नव्हतं, त्या तो कसा वापरायचा ते सांगत होत्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पीजीचं दार आठवलं.

'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली कपवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला. गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी होती, आणि एकदा सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के जणींना कपच वापरायचा होता. म्हणजे तीसेक टक्के जणींना नको होता. तुम्ही त्यांच्यातल्या असाल तर तुमचं काही चुकलेलं नाही.

केरळनं हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं. २०१८ च्या पुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेल्या पॅडचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला होता. २०१९ मध्ये अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत ५,००० कप मोफत वाटले गेले. जानेवारी २०२२ मध्ये कोचीजवळचं कुंबलंगी (हो, सिनेमातलंच) देशातलं पहिलं सॅनिटरी नॅपकिनमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. कप वाटण्याबरोबर तिथे बायकांना तो वापरायचा कसा, हेही शिकवलं गेलं.

पॅडच्या कचऱ्याचा प्रश्न पुण्यालाही नवा नाही. इथल्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिला रोज हातानं कचरा वेगळा करतात आणि त्यात आपले पॅड असतात. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले होते. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं आवाहनही पुण्यात झालं. तुम्ही पॅड वापरत असाल तर एवढं नक्की करा.

लग्नाआधी चालतो का?

आईला कप दाखवला तेव्हा ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पण हे लग्न झालेल्यांसाठी ना?"

तिचा प्रश्न योनीपटलाचा होता. योनीमार्गाच्या तोंडाशी असलेला हा पातळ, ताणला जाणारा पडदा. तो बंद झाकणासारखा नसतो, असता तर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. काहींचा जन्मतःच अगदी थोडा असतो, काहींचा खेळताना ताणला जातो, काहींचा संबंधांनंतरही तसाच राहतो. कप घालताना तो ताणला किंवा थोडा फाटला जाऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावरून कुणी कुमारी आहे की नाही, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला काय माहीत!" मग तिला सेवाग्रामचं उदाहरण दिलं. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी कौमार्य चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचं मांडलं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बलात्कार पीडितांची 'टू फिंगर टेस्ट' करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल, असं बजावलं.

आईला किती पटलं माहीत नाही. "बरं, पण माझ्या दुधाच्या पातेल्यात उकळायचा नाही," एवढं मात्र तिनं लगेच सांगितलं.

उकळणं, साईज, खर्च

त्यासाठी एक छोटं स्टीलचं भांडं वेगळं ठेवा. पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, कप बुडाला चिकटू देऊ नका. डेटॉल वगैरे नको. कोरडा करून कापडी पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नाही.

प्रसूती झालेली नसेल तर साधारणपणे लहान साईज घेतात, पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, तक्ता बघा. मी साडेतीनशेचा घेतला. पॅडला महिन्याला नव्वदेक रुपये जायचे, चार महिन्यांत पैसे वसूल. एक कप नीट ठेवला तर पाच वर्षं तरी जातो. चिरला किंवा चिकट झाला तर बदला. मेडिकलवाल्यानं मात्र तोही पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीतच दिला.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं?

कॉपर-टी बसवली असेल तर नक्की, कारण कप ओढताना ती सरकू शकते. नुकतीच प्रसूती किंवा गर्भपात झाला असेल, योनीमार्गात संसर्ग असेल, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तरीही विचारा. कप गर्भनिरोधक नाही आणि संबंधांच्या वेळी तो काढावा लागतो.

टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार कपमुळेही होऊ शकतो, पण फार क्वचित. 'लॅन्सेट'च्या आढाव्यात अशा पाच केसेस सापडल्या. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर लाल चट्टे किंवा चक्कर आली तर कप काढा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. तिथे कप वापरत होतात हे न लाजता सांगा.

काही कपांवर मिलीच्या खुणा असतात. दर वेळी रिकामा करताना आकडा मोबाईलमध्ये टिपून ठेवा. एका पाळीत ८० मिलीच्या वर जात असेल तर तो जास्त रक्तस्राव धरतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना ॲनिमिया आहे. "खूप जातं हो डॉक्टर" म्हणण्यापेक्षा तीन महिन्यांचे आकडे दाखवले तर डॉक्टरांनाही पुढचं ठरवायला सोपं जातं.