सामन्यास जातांना : गाडी, शिधा आणि सोबत

अमेरिकेंतील महाविद्यालयांत फुटबॉलचा सामना म्हणजे एक लहानशी यात्राच असते. सामना दुपारीं असला तरी लोक सकाळपासूनच मैदानाबाहेर जमूं लागतात. मोटारीच्या मागची फळी खालीं पाडून तिचेंच मेज करतात, आणि घरून आणलेले पदार्थ त्यावर मांडून आप्तेष्टांसह, कित्येकदां अनोळखी माणसांसहही, जेवतात. ह्या मागच्या फळीस तिकडे 'टेलगेट' म्हणतात, व तीवरूनच ह्या भोजनास तें नांव पडलें. तिकडील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांत झाला, आणि तो रटगर्सनें ६ विरुद्ध ४ असा जिंकला. त्या वेळीं प्रत्येक बाजूस २५ खेळाडू होते व चेंडू हातांत घेऊन धांवण्याची मुभा नव्हती. पुढें नियम पालटत गेले. आज तिकडे ज्यास फुटबॉल म्हणतात, तो लांबट चेंडूचा, हातांनीं धरून पळण्याचा खेळ आहे. आपल्याकडील फुटबॉल तो नव्हे.

परंतु भोजनाची ती रीत आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. औंढ्याच्या महाशिवरात्रीस किंवा नामदेव महाराजांच्या नरसीस बैलगाडींतून गेलेल्या आजोबांस विचारून पाहावें. बैल सोडले, गाडीच्या सावलींत तीन दगडांची चूल मांडली, आणि शेजारच्या गाडींतील मंडळींस हांक मारून पंगत बसविली, हेंच तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. फरक इतकाच कीं आपली गाडी देवदर्शनास जात असे आणि त्यांची खेळास जाते. तिकडील कांहीं ठिकाणीं ह्या भोजनांत मद्यही चालतें. तेवढा भाग आपण तिकडेच राहूं द्यावा.

आतां आपल्या कामाची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठास जोडलेलीं आहेत. हें विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें, आणि नांदेड, परभणी, लातूर व हिंगोली ह्या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ त्याच्या स्पर्धांत एकमेकांसमोर उभे राहतात. आपल्या शाळेंतून गेलेला एखादा विद्यार्थी अशा संघांत असला, तर त्याचा सामना पाहण्यास धाकट्या वर्गांतील मुलांनीं जावें ह्यांत नवल तें काय? मात्र चाळीस मुलांस ऐंशी-नव्वद किलोमीटर नेऊन सुखरूप परत आणणें हें उत्साहावर भागणारें काम नव्हे.

प्रथम वेळेचा हिशेब करावा, आणि तो शेवटाकडून करावा. फुटबॉलचा सामना पंचेचाळीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्यें पंधरा मिनिटांची विश्रांति. म्हणजे पावणेदोन तास झाले. परंतु बाद फेरीचा सामना बरोबरींत सुटला तर नियमानुसार आणखी अर्धा तास खेळवितां येतो, आणि तेवढ्यानेंही निकाल न लागल्यास पेनल्टीचे फटके असतातच. तेव्हां तीन वाजतां सुरू होणारा सामना पावणेपांचास संपेल असें घरीं सांगून ठेवणें धोक्याचें. साडेपांच-पावणेसहा धरावे, सहास गाडी सुटेल असें मानावें, वाटेंत अडीच तास व एखादा थांबा मिळवावा, आणि पालकांस साडेनवाची वेळ सांगावी. नऊ वाजतां मुलें घरीं पोहोंचलीं तर कोणी रागावत नाहीं. आठचा वायदा करून नऊ वाजविले, तर आईचा जीव तासभर टांगणीस लागतो. जातांना सकाळीं नऊस निघालें म्हणजे साडेअकरापर्यंत पोहोंचून निवांतपणें जेवतां येतें.

वाहनाचा प्रश्न ह्याहून मोठा. हिंगोलीहून पूर्णेवरून नांदेडला आगगाडीनें जातां येतें, आणि २००८ सालीं पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाल्यापासून ती सोय पूर्वीपेक्षां पुष्कळ सुधारली आहे. परंतु गाडीची वेळ सामन्यासाठीं थांबत नाहीं. शिवाय स्थानकापासून मैदानापर्यंत चाळीस मुलें व जेवणाचीं भांडीं नेण्याची तजवीज निराळी करावी लागते. म्हणून आमच्या मतें एस. टी. ची गाडी करारानें घेणें हेंच उत्तम. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) अशी धांवली. आपला मुलूख तेव्हां निजामी राज्यांत होता, आणि त्या राज्याच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालींच मोटारगाड्या सुरू केल्या होत्या. म्हणजे सरकारी मोटारीच्या बाबतींत आपण पुणेंकरांच्या पुढेंच होतों! असो. एक संपूर्ण गाडी ठराविक कामासाठीं घेण्याच्या व्यवस्थेस आगारांत 'प्रासंगिक करार' म्हणतात. त्याचें भाडें किलोमीटरच्या हिशेबानें घेतात, परंतु दिवसाची कांहीं किमान मर्यादाही धरतात. शाळांच्या सहलींस सवलत असते. म्हणून मुख्याध्यापकांचें पत्र घेऊन आगारांत आधींच जावें आणि सर्व आंकडे लेखी घ्यावे.

कोणी म्हणेल, गांवांतील एखादा टेम्पो स्वस्तांत मिळतो, त्यांत मुलें दाटीवाटीनें बसतील. अशा सूचनेस स्पष्ट नकार द्यावा. मालवाहू गाडींतून अशी माणसें नेणें हें १९८८ च्या मोटारवाहन कायद्याविरुद्ध आहे, आणि कायदा नसता तरी तें गैरच ठरतें. मालाच्या गाडीस धरावयास दांडी नसते, बसावयास आसन नसतें. अचानक ब्रेक लागला म्हणजे पोतीं एकमेकांवर आदळतात तशीं मुलें आदळतात. वांचलेल्या शंभर रुपयांनीं मोडलेला हात सांधत नाहीं. भाड्याच्या जीपमध्येंही आसनें जितकीं तितकींच मुलें बसवावीं.

आतां पैशाविषयीं. येथेंच बहुतेक बेत फसतात, आणि येथेंच कोणाचें तरी मन दुखावतें. समजा, गाडीचें भाडें ८,००० रुपये आहे व मुलें ४० आहेत. दरडोई २०० रुपये पडतात. आदल्या दिवशीं आठ मुलांनीं नांवें काढलीं कीं उरलेल्या बत्तिसांवर २५० चा भार येतो, आणि मग तेही कुरकुरूं लागतात. म्हणून पैसे आधीं, नांव मागाहून, असा नियम असावा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक वर्गांत अशीं दोनचार मुलें असतात कीं ज्यांच्या घरीं दोनशे रुपये ही लहान रक्कम नसते. तीं 'मला फुटबॉल आवडत नाहीं' असें सांगून बाजूस होतात, आणि आपण तें खरें मानतों. ह्यावर एक सोपा उपाय आहे. वर्गणी ४० ऐवजीं ३६ जणांवर बसवावी आणि ती २२५ रुपये ठेवावी. ८,१०० रुपये जमतात, भाडें भागून १०० रुपये वरखर्चास उरतात, आणि चार जागा मोकळ्या राहतात. त्या चार जागांवर कोण बसणार हें एका वर्गशिक्षकासच ठाऊक असावें. गाडींत सारे एकाच बाकावर बसतात. कोणाचे पैसे कोठून आले हें बाकास कळत नाहीं. पंचवीस रुपये अधिक कां, असें कोणा पालकानें विचारलें, तर त्यास कारण सांगावें. बहुतेक पालक तें ऐकून आनंदानें देतात.

जेवणाच्या बाबतींत वर्गणी नकोच. शिधा गोळा करावा. कोणाच्या घरून ज्वारीचें पीठ, कोणाकडून शेंगदाणे, कोणाकडून लसूण-मिरची. आणि भाकरी-धपाटे चारपांच घरीं मिळून सकाळीं करावे. प्रत्येकानें आपापला डबा आणला तर एकाच्या डब्यांत लाडू निघतो आणि दुसऱ्याच्यांत कोरडी भाकरी. एकाच टोपलींतून वाढलें म्हणजे हा भेद उरत नाहीं. पदार्थ निवडतांना चवीपेक्षां टिकण्याकडे लक्ष द्यावें. धपाटे, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ, केळीं हीं दुपारपर्यंत निश्चिंतपणें राहतात. भात मात्र नेऊं नये. शिजलेला भात बंद भांड्यांत कोमट राहिला कीं त्यांत विषारी जंतु वाढतात, आणि ते निर्माण करतात तें विष पुन्हां गरम केल्यानेंही जात नाहीं. दुधाची मिठाई व उघड्यावर कापलेलीं फळें ह्यांसही हाच न्याय लावावा. उन्हाच्या दिवसांत माणशीं तीन लिटर पाणी धरावें. चव्वेचाळीस जणांचें तें १३२ लिटर होतें, आणि एवढें वजन गाडींत कोठें ठेवावयाचें हेंही आधींच ठरवावें. मैदानावर चूल पेटवूं नये. जेवावयास कोठें बसावें, हें तेथील क्रीडाशिक्षकांस पत्रानें विचारून ठेवावें, आणि त्याच पत्रांत मुलींसाठीं स्वच्छतागृहाची चौकशी करावी. हा मुद्दा पुरुषमंडळी हमखास विसरतात.

चाळीस मुलांच्या आठआठांच्या पांच टोळ्या कराव्या. प्रत्येक टोळीचा नायक आपल्या सात जणांस गाडींत चढतांना, उतरतांना, जेवणानंतर व परत निघतांना मोजील, आणि शिक्षक पांच नायकांस मोजतील. चाळीस डोकीं एकट्यानें मोजूं गेल्यास कोणी तरी दोनदां मोजला जातो.

सामन्यांत आपल्या संघाचा जयजयकार खुशाल करावा, पण प्रतिपक्षाच्या चुकीवर टाळी वाजवूं नये. शक्य तर दहाबारा धपाटे अधिक न्यावे आणि समोरच्या महाविद्यालयाबरोबर आलेल्या मुलांस पंगतीस बोलवावें. अमेरिकेंतील त्या समारंभांत आम्हांस आवडलेला भाग हाच : अनोळखी माणूसही फळीपाशीं येऊन दोन घांस खाऊन जातो.

निघण्यापूर्वीं जागा झाडून कचरा पोत्यांत भरावा, भांडीं मोजावीं, मग मुलें मोजावीं. दुसऱ्या दिवशीं जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लावावा : जमा ८,१००, भाडें ८,०००, केळीं अमुक, शिल्लक तमुक. शिल्लक चार-दोन रुपयेच असली तरी ती लिहावी, आणि पुढील सामन्याच्या खात्यावर ओढावी.