थिबा राजवाडा : कैद्याच्या घराची देखभाल

कोकणातल्या जुन्या वास्तू : भाग ७

१९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळक ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याच सुमारास टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीत, मंडालेचा पदच्युत राजा थिबा नव्या घराची घडी बसवत होता. टिळकांचा तुरुंग मंडालेच्या जुन्या राजनगरीच्या तटाआत होता, म्हणजे एके काळच्या थिबाच्याच आवारात. रत्नागिरीच्या माणसाला मंडालेत आणि मंडालेच्या माणसाला रत्नागिरीत कोंडणारं सरकार एकच. गाव ज्याला थिबा पॅलेस म्हणतं, त्या वास्तूकडे बघताना हे आधी ध्यानात ठेवायला हवं. ती राजाने हौसेने उठवलेली नाही. सरकारने आपल्या कैद्यासाठी ती बांधली.

नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध झालं आणि दोन-तीन आठवड्यांत संपलंही. थिबा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. इंग्रजांनी राजा-राणीला बैलगाडीत बसवून राजवाड्याबाहेर काढलं, इरावतीच्या काठाला उभ्या असलेल्या ‘थुरिया’ नावाच्या आगबोटीत चढवलं आणि रंगूनमार्गे मद्रासला आणलं. तिथून १८८६ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी रत्नागिरीला उतरली. राणी सुपयालत, तिची बहीण असलेली धाकटी राणी, लहानग्या राजकन्या आणि थोडे नोकरचाकर, एवढा लवाजमा.

रत्नागिरीच का? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की वर्षातले तीन-चार महिने गाव तुटल्यासारखंच. राजाला परत न्यायला कोणी ब्रह्मदेशातून निघालंच, तर त्याला ही वाट फार अवघड पडावी, असा हिशेब होता. कोकण रेल्वे पुरी व्हायला पुढे १९९८ साल उजाडलं, यावरून त्या काळच्या एकाकीपणाची कल्पना यावी.

पहिली चोवीस वर्षं राजा भाड्याच्या बंगल्यांत राहिला. कुटुंब वाढलं, माणसं वाढली, जागा पुरेना. आपल्याकडून घेतलेली रत्नं, विशेषतः ‘ङामौक’ हे प्रसिद्ध माणिक, परत मिळावीत म्हणून तो सरकारला अर्जांवर अर्ज करत राहिला. ते माणिक काही मिळालं नाही. घर मात्र मिळालं, तेही पन्नाशी ओलांडल्यावर. १९१० साली हा राजवाडा पुरा झाला. त्याच्या आराखड्यात थिबाने स्वतः लक्ष घातलं होतं.

भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसेल अशा उंच जागी ही तीन मजली वास्तू उभी आहे. लालसर भिंती, उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार माथ्याच्या कोरीव लाकडी खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं मोठं दालन आहे. राजाने बसवलेली बुद्धमूर्ती मागच्या बाजूला आहे. मांडणीचा एकंदर थाट कंपनी सरकारच्या काळापासून चालत आलेल्या साहेबी बंगल्याचा, पण छपरांच्या चढत्या ठेवणीत ब्रह्मी राजवाड्यांची आठवण ठेवण्याची धडपड दिसते. मला या घराचं सर्वांत बोलकं अंग तेच वाटतं.

राजा इथे राहिला जेमतेम सहा वर्षं. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, थिबा १९१६ च्या डिसेंबरात. दोघांना ब्रह्मदेशात नेऊन मूठमाती द्यावी, असा सुपयालतचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही. १९१९ मध्ये रत्नागिरीतच दोघांची समाधी झाली आणि राणी मुलींना घेऊन रंगूनला गेली. थोरली राजकन्या मात्र परत आली. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला टुटू नावाची मुलगी झाली होती. ती माय-लेक रत्नागिरीचीच झाली. ब्रह्मदेशच्या राजाची नात पुढे इथे अस्खलित मराठी बोलत, गरिबीत संसार करत म्हातारी झाली.

राजाचं घर रिकामं झालं आणि सरकारी मालमत्ता म्हणून उरलं. पुढे त्यात सरकारी तंत्रनिकेतन भरलं, कचेऱ्या आल्या. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक संग्रहालय त्यात आहे. हिवाळ्यात आर्ट सर्कल या स्थानिक संस्थेचा संगीत महोत्सव याच आवारात रंगतो. वर्ग भरलेल्या त्या वर्षांबद्दल लोक नाराजीने बोलतात: राजाच्या दालनात बाकं मांडली, भिंतींना खिळे ठोकले. नाराजी खरी आहे. पण माझं मत थोडं वेगळं आहे. कोकणात बंद घर चार-पाच पावसाळ्यांत खचतं. रोज सकाळी कोणीतरी खिडक्या उघडत होतं, गळायला लागलं की कोणीतरी तक्रार करत होतं, म्हणून हे छप्पर जागेवर राहिलं. विद्यार्थ्यांच्या वर्दळीने फरशी झिजली असेल, पण भिंतींना वारा मिळाला.

आता देखभालीकडे येऊ, कारण या भागाचा खरा विषय तोच आहे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शिवाय तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करून भिंतीवर मारतो. म्हणून समुद्राकडची बाजू आणि आतली बाजू यांचं म्हातारपण सारखं नसतं. उतरत्या छपराची पुढे आलेली वळचण हे या पावसाला दिलेलं पहिलं उत्तर. पागोळ्या भिंतीपासून जितक्या दूर पडतील तितका पाया कोरडा. एखादा पन्हळ पाल्याने तुंबला, की पाणी उलटून वाशांच्या टोकांवर येतं. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक वर्षानुवर्षं ओलं राहिलं तर सागवानही कुजतं. वरून तुळई ठणठणीत दिसते, टोक मात्र पोकळ झालेलं असतं. जाणता सुतार म्हणूनच तुळईचा मध्य सोडून भिंतीलगत हातोडीने ठोकून आवाज ऐकतो.

दुसरा शत्रू खारा वारा. हवेतलं मीठ ओलाव्याबरोबर भिंतीच्या छिद्रांत शिरतं. पावसाळा सरला, भिंत वाळू लागली, की आत त्याचे स्फटिक धरतात, फुगतात आणि भिंतीचा पापुद्रा सुटतो. ऑक्टोबरच्या उन्हात जुन्या भिंतीवर जी पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते ती बहुतेकदा हीच. गज, बिजागऱ्या, कड्या यांचं लोखंडही गंजून फुगतं आणि भोवतालचा दगड किंवा चुना तडकवतं.

आणि इथेच सिमेंटचा प्रश्न येतो. जुन्या भिंती चुन्यात बांधत. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, वाळूबरोबर घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं पाणी, हिरडा घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. असा चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश कठीण होतो आणि तरीही सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेला ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की बाहेरून भिंत नवी कोरी दिसते, पण ओल आत अडकते. ती वाट शोधत चिऱ्यातून किंवा विटेतून फुटते. सिमेंट टिकतं, त्याच्यामागचा दगड भुसभुशीत होतो. मग दोन-चार वर्षांत गिलावा फुगून पडतो आणि जाताना मूळ भिंतीचा थर घेऊन जातो. दरजा भरतानाही हेच. सांध्यातला मसाला भिंतीपेक्षा मऊ हवा, म्हणजे झीज सांध्यात होते आणि सांधा पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा भरता येत नाही.

खिडक्यांचं काम याहून नाजूक. अर्धवर्तुळाकार माथ्याची चौकट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. काच लाकडात लांबीने बसवलेली असते. जवसाचं तेल आणि खडूची पूड यांची ही लांबी सुकून तडकली, की काच खिळखिळी होते, पाणी खाचेत साचतं आणि चौकटीचा खालचा आडवा तुकडा आधी सडतो. अख्खी खिडकी बदलायची गरज क्वचितच असते. सडलेला तुकडा कापून तेवढाच सागवानी जोड घालता येतो. फुटलेल्या रंगीत काचेच्या जागी नवी बसवताना मात्र रंगाची नेमकी छटा मिळवावी लागते. बाजारातली भडक काच बसवली, तर दालनात पडणारा उजेडच बदलतो.

या कामांत अवघड असं फार थोडं आहे. कोकणातला घरमालक हे दर वैशाखात करतोच: कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढायचं. पिंपळ हातभर असताना दोन बोटांनी निघतो. तोच मनगटाएवढा झाला की भिंत सोडवावी लागते. सरकारी वास्तूची अडचण अशी, की तिच्याकडे मोठ्या दुरुस्तीसाठी पैसा येतो तो बऱ्याच वर्षांनी, निविदेतून, एकरकमी. दर वर्षी मेमध्ये छपरावर चढणाऱ्या दोन माणसांसाठी तो सहसा नसतो. थिबा राजवाड्याला एक कायम नेमलेला सुतार, चुना जाणणारा एक गवंडी आणि कुठे, कधी, काय केलं याची एक वही मिळाली, तर मोठ्या जीर्णोद्धाराची पाळी फार उशिरा येईल, असं माझं ठाम म्हणणं आहे.

लाकडी इमारतीची जपणूक थिबाच्या घराण्याला नवी नव्हती. मंडालेच्या राजवाड्यातलं वडिलांचं, मिंदोन राजाचं, निवासस्थान त्याने राज्यावर आल्यावर सुटं करवलं, तटाबाहेर नेऊन पुन्हा जोडून घेतलं आणि भिक्षूंना विहार म्हणून दिलं. बाकीचा सागवानी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, आगीत बेचिराख झाला. हलवलेली ती इमारत, श्वेनानडॉ विहार, आजही उभी आहे. पण ती वडिलांची; थिबाचं स्वतःचं राहतं घर पाहायचं तर ते आता रत्नागिरीतच.

ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन २०१२ च्या डिसेंबरात रत्नागिरीला आले होते ते प्रामुख्याने समाधीसाठी. राजाच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा २०१६ मध्ये तिथले वरिष्ठ नेते आणि लष्करप्रमुखही येऊन गेले. शिवाजीनगर भागातल्या त्या समाधीची बांधणी, तिच्याभोवती वाढलेली वस्ती आणि तिच्या देखभालीचे वेगळे प्रश्न पुढच्या भागात पाहू. तोवर रत्नागिरीकरांनी जमल्यास भर पावसात राजवाड्याला एक चक्कर मारावी आणि पाणी कुठून कसं उतरतं ते नीट बघून यावं.