पार्सल पोहोचवायचे तर लायसन कोणते?



अलिबागहून थळकडे येणाऱ्या रस्त्यावर पाठीला मोठी पिशवी बांधलेले दुचाकीस्वार आता रोजचेच झाले आहेत. पार्सलचे छोटे टेम्पोही वाढले. आपल्या भागातील कातकरी वाड्यांवरच्या तरुणांना हे काम हवेसे वाटते, आणि त्यात नवल नाही. दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे, या चक्रात मुलांची शाळा सुटते. पार्सलच्या कामात माणूस रात्री घरी येतो. पण कामावर घेताना पहिला प्रश्न लायसनचा असतो, आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

दुचाकीचे सोपे आहे. गिअरच्या मोटारसायकलला वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी लायसन मिळते हे खरे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे. धाकट्या भावाला मोठ्याची गाडी देऊन पार्सल वाटायला पाठवू नये. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही.

टेम्पोबाबत मात्र जुने ऐकीव नियम अजून फिरत आहेत. ‘आठवी पास नाही, म्हणून लायसन मिळणार नाही’ हे त्यातले सर्वांत नुकसान करणारे. व्यावसायिक वाहनासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, पण केंद्र सरकारने ती २०१९ साली काढून टाकली. चौथीत शाळा सुटलेला तरुणही आज अर्ज करू शकतो. दुसरा समज बिल्ल्याचा. बिल्ला रिक्षा-टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांसाठी असतो. मालवाहू टेम्पोला तो लागत नाही.

तिसरी गोष्ट न्यायालयाने स्पष्ट केली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळी नोंद न करता चालवू शकतो. आपल्याकडे ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो टेम्पो यात सहज बसतो. त्याहून जड वाहनासाठी वय २० वर्षे, हलक्या वाहनाच्या लायसनचा एक वर्षाचा अनुभव आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते लायसन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

खरी अडचण नियमांत नाही, कागदांत आहे. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद कुठेच नसते. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेले असते, आधारवर १ जानेवारी असते, आणि आडनाव एकीकडे वाघमारे तर दुसरीकडे वाघमारी. अर्ज अडकतो तो इथे. म्हणून लायसनचा विचार करण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार समोरासमोर ठेवून पाहावे, आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्यावे. जन्माची नोंदच नसेल तर एक वर्षानंतर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते. त्याला वेळ लागतो, तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा असतानाच सुरुवात केलेली बरी.

आधारला मोबाइल जोडलेला असेल तर शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. प्रश्न मराठीत असतात, निम्म्याहून अधिक म्हणजे किमान ६० टक्के बरोबर यावे लागतात. ज्याला वाचताना अडखळायला होते त्याच्याकडून वाहतुकीच्या खुणा चित्रे दाखवून पाठ करून घेता येतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. आपल्या जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेणला आहे. चाचणीला त्याच प्रकारचे वाहन स्वतः न्यावे लागते, आणि ज्याच्या घरात सायकलही नाही त्याचे गाडे इथे रुतते. ड्रायव्हिंग स्कूल वाहन देते, पण फी घेते.

सरकारी शुल्क तसे फार नाही. केंद्रीय नियमांत एका प्रकारच्या वाहनासाठी शिकाऊ परवान्याचे १५० आणि परीक्षेचे ५०, पुढे चाचणीचे ३०० आणि लायसनचे २०० असे मिळून ७०० रुपये होतात, टपालासारखे किरकोळ खर्च वेगळे. बाकी पैसा जातो पेणच्या फेऱ्यांत, बुडालेल्या मजुरीत आणि एजंटाच्या खिशात. पेणच्याच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लिअस बजेट योजनेची चौकशी करावी. त्यात वाहनचालक प्रशिक्षणासारखे उपक्रम घेतले जातात.

कोणी हप्त्यावर टेम्पो घेत असेल तर आणखी एक. मालवाहतुकीच्या गाडीला पिवळी नंबरप्लेट हवी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, पण फिटनेस आणि विमा लागतोच. विना लायसन चालवल्यास दंड ५,००० रुपये, आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच. दंड एकवेळ भरून होतो. पण अपघात झाला आणि चालकाकडे योग्य लायसन नसले, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. भट्टीच्या उचलीतून सुटलेले घर मग त्याहून मोठ्या कर्जात जाते.

आपल्या मंडळीत ज्यांच्याकडे चारचाकी आणि पक्के लायसन आहे, त्यांनी शिकाऊ तरुणाला रविवारी दुपारी एक तास शेजारी बसून शिकवले तर मोठी मदत होईल. शिकाऊ चालकाच्या बाजूला लायसनधारक बसलेला असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायला मात्र विसरू नका.