एका गुंठ्याचा हिशेब

तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. एवढ्याशा गुंठ्यात वरची फक्त सहा इंच माती धरली, तरी तिचं वजन भरतं सुमारे वीस टन. एकराला आठशे. नऊ इंचाच्या तासाने एकर नांगरायचा तर बैलांमागे जवळजवळ अठरा किलोमीटर चालावं लागतं. ट्रॅक्टर आल्यावर पाय वाचले, पण उलथापालथ वाढली. आणि ती कशासाठी? बरेचदा तण मारायला आणि शेजाऱ्याचं रान नांगरून झालं म्हणून.

त्या वीस टनांत राहतं कोण? ग्रॅमभर चांगल्या मातीत शंभर कोटी जिवाणू धरले, तर गुंठ्यात 2 वर 16 शून्यं. जगातल्या माणसांच्या पंचवीस लाख पट. गांडुळं मोजायला सोपी. डार्विनने 1881च्या पुस्तकात हेन्सेन या जर्मन अभ्यासकाचा आकडा दिलाय: बागेच्या जमिनीत एकरी 53,767. धान्याच्या शेतात मात्र साधारण निम्मीच, असं हेन्सेनचं मत. इंग्लंडात कित्येक ठिकाणी गांडुळं वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती पोटातून काढून वर आणतात, हा खुद्द डार्विनचा अंदाज. गुंठ्याला पाव टन, तेही डिझेलशिवाय.

आता पाऊस. कोकणातला तीन हजार मिलिमीटर म्हणजे गुंठ्यावर तीन लाख लिटर, दहा हजारी तीस टँकर. टपोरा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. उघडी ढेकळं फुटतात, बारीक कण भेगा बुजवतात, पाणी मुरायचं थांबतं आणि गढूळ होऊन वाहू लागतं. देशभरात वर्षाला 533 कोटी टन माती अशी जागची हलते, हा 1983चा अंदाज अजूनही उद्धृत होतो. त्यातली 29 टक्के कायमची समुद्रात, 10 टक्के धरणांत. उरलेली इकडून तिकडे. हेक्टरी सरासरी 16.4 टन, म्हणजे गुंठ्यामागे तीन पोती. बांध फुटला तर आपण धावतो. ही तीन पोती कुणाला दिसत नाहीत.

ती जागेवर राखायची तर नांगरणीच टाळून बघता येते. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करतात. मग चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने भोकं पाडून त्यात बी टोकायचं. कापणीनंतर धसकटं उपटत नाहीत. मूळ जागेवरच कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. पाणी, हवा आणि पुढच्या भाताची मुळं तिथूनच खाली उतरतात. तणनाशकाचा वापर ही या पद्धतीची दुखरी बाजू, ती झाकू नये. ब्राझीलच्या पाराना प्रांतात हर्बर्ट बार्ट्झने 1972 साली नांगर बाजूला ठेवला. आज जगात वीस कोटींहून जास्त हेक्टरवर विनानांगरणी, आच्छादन आणि पीकफेर यांची शेती चालते. महाराष्ट्राच्या सहा पटींहून जास्त.

मात्र ‘तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब दुप्पट’ अशी जाहिरात दिसली की मी कागद-पेन्सिल काढतो. अर्धा टक्का कर्ब एक टक्क्यावर न्यायचा, तर गुंठ्यात शंभर किलो कर्ब मुरायला हवा. भाताचा पेंढा गुंठ्याला पन्नास किलो, त्यात कर्ब वीस किलो. बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. दहावा हिस्सा टिकला असं धरू. वर्षाला दोन किलो. पन्नास वर्षं! वरच्या दोनच इंचांपुरतं बघितलं तर सोळा-सतरा. मुळं आणि हिरवळीचं खत धरलं तर आणखी कमी. थेंब आदळतो तोही त्याच दोन इंचांवर, म्हणून हे थोडकं नाही.

पण पेंढा रानात ठेवायचा कसा? दुभत्या म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. गुंठ्याचा सगळा पेंढा तिला धड दहा दिवसही पुरत नाही.