गर्भाशयमुखाचा कॅन्सर : त्रास नसतानाच तपासणी

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधांतून पसरतो. बहुतेकींचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हटवते. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो आणि पेशी बदलू लागतात. या बदलांतून कॅन्सर व्हायला बहुधा १० ते २० वर्षे जातात. एवढ्या काळात बाईला काहीच त्रास जाणवत नाही, पण तपासणीत बदल सापडतात.

लक्षणे दिसतात तोवर आजार बहुधा पुढे गेलेला असतो. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव होणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ओटीपोट वा कंबर सतत दुखणे, यांपैकी काहीही अंगावर काढू नये.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे धोरण आहे. त्यातली ‘व्हीआयए’ पद्धत साधी आहे. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा बोळा फिरवून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशींचा भाग ठळक पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिकाही ही तपासणी करू शकते आणि निष्कर्ष तिथेच कळतो. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून पाहणी, आणि गरजेप्रमाणे बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करतात. कॅन्सरपूर्व बदल असलेला भाग अतिथंड वा उष्ण उपकरणाने नष्ट करता येतो आणि गर्भाशय शाबूत राहते.

तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. आरोग्यसेविकांनी व्हीआयए केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

मुलींना ९ ते १४ या वयात एचपीव्ही लस देणे सर्वांत परिणामकारक ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लस आता उपलब्ध आहे. मात्र लस कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्हीच्या सर्वच प्रकारांना रोखत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करून घेणे आवश्यक आहे.