केळीची पेशी आणि खानदेशचे हवामान

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा हे तालुके आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याचा तापीकाठ हा केळीचा प्रदेश असून जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र येथील हवामान आणि केळीचे मूळ घर असलेल्या आग्नेय आशियाचे उष्ण, दमट हवामान यांत मोठे अंतर आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीच्या लाटेत रात्रीचे तापमान १० अंशांच्याही खाली उतरते. एवढ्या फरकात हे झाड कसे तगते आणि कोठे हरते, याचे उत्तर त्याच्या पेशींत मिळते.

पेशी हे सजीवाच्या रचनेचे आणि कार्याचे मूलभूत एकक होय. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून सेल्युलोजची टणक भित्तिका असते, तिच्या आत स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे पातळ पटल असते, आणि त्याच्याही आत आनुवंशिक माहिती जपणारे केंद्रक, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, हिरवी हरितलवके आणि पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते. केळीचे ज्याला खोड म्हटले जाते, ते खरे खोड नव्हेच. एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळभागांचा तो स्तंभ आहे, आणि तो आडवा कापला तर प्रत्येक थरात हवेचे जाळीदार कप्पे स्पष्ट दिसतात. लाकूड नसलेला हा स्तंभ जड घड पेलतो, तो बऱ्याच अंशी रिक्तिकांतील पाण्याचा भित्तिकांवर सतत दाब असल्यामुळे. पाणी तुटले की हा दाब ओसरतो, आणि म्हणूनच ताण पडलेली बाग वाऱ्यात लवकर आडवी होते.

पाणी कमी पडते आहे ही वार्ता झाडभर पोहोचवण्याचे काम संप्रेरके करतात; एका पेशीने निर्माण करावे आणि दुसरीने ओळखावे, असे हे रासायनिक निरोप होत. पानांच्या त्वचेवरील सूक्ष्म छिद्रांच्या, म्हणजे पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंना रक्षक पेशी असतात. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तेथे पोहोचले की या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी जाते आणि छिद्र मिटते. यात पाणी वाचते खरे, पण बाष्पीभवनाने मिळणारा गारवा थांबतो आणि अन्ननिर्मितीही मंदावते. भर दुपारी केळीच्या पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेपाशी दुमडून खाली झुकतात, ते अंगावर ऊन कमी घेण्यासाठीच. त्याच वेळी पेशींत अशी विशिष्ट प्रथिने तयार होऊ लागतात, जी उष्णतेने विस्कटू पाहणाऱ्या इतर प्रथिनांना सावरून धरतात.

थंडीपुढे मात्र केळी हतबल ठरते. तापमान सुमारे १३ अंशांखाली बराच वेळ राहिले की पेशीपटलातील स्निग्ध रेणू ताठर होतात, पटल गळू लागते, रिक्तिकेतील द्रव्ये बाहेर येऊन विकरांच्या संपर्कात येतात आणि साल काळपट पडते. खानदेशातील शेतकरी याला चरका म्हणतात. असे फळ पुढे नीट पिवळे होत नाही आणि त्याचा भाव पडतो.

पेशींमधील दळणवळणाचा दुसरा मार्ग अधिक थेट आहे. शेजारच्या पेशींच्या भित्तिकांमधून जीवद्रव्याचे अतिसूक्ष्म दुवे गेलेले असतात, आणि त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. अन्न आणि निरोप यांची देवाणघेवाण याच वाटांनी होते, पण कुकुंबर मोझॅक विषाणूही, ज्याचा रोग केळीपट्ट्यात हरण्या म्हणून ओळखला जातो, याच वाटा रुंदावून पेशीमागून पेशी व्यापतो. मावा ही कीड तो झाडोझाडी नेते. त्यामुळे केळीच्या बागेत काकडीवर्गीय आंतरपीक न घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो तंतोतंत पाळण्याजोगा आहे.

वर वर्णिलेले सर्व बदल एका झाडाच्या आयुष्यातले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घडणारे अनुकूलन निराळे असते. त्यासाठी लैंगिक पुनरुत्पादनातून निर्माण होणारी विविधता फार मोलाची ठरते. खाण्याच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात, त्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि बी धरत नाही. गरातले काळे ठिपके हे त्या न झालेल्या बियांचे अवशेष होत. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन हे येथील वाण कॅव्हेंडिश या एकाच गटातले, आणि टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे ऊतिसंवर्धनात, निवडक मातृवृक्षाच्या वाढत्या टोकावरील पेशींपासूनच हजारो रोपे केली जातात. काटेकोर चाचण्यांमुळे ती विषाणूमुक्त मिळतात, बाग एकसारखी निसवते, हा मोठा लाभ आहे. परंतु सगळी बाग आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच झाड असते, म्हणून ज्या रोगापुढे एक झाड हरते त्यापुढे सगळी बाग हरू शकते. विसाव्या शतकाच्या मध्यास लॅटिन अमेरिकेतील ग्रोस मिशेल वाणाच्या बागा फ्युजेरियम या बुरशीच्या मर रोगाने अशाच संपल्या. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, तिच्यावर खात्रीचे औषध नाही, आणि ती रोगट कंद, माती व पाणी यांतून पसरते. तेव्हा खानदेशातील केळी उत्पादकांनी परप्रांतातील कंद न तपासता आणू नयेत, रोपे प्रमाणित ठिकाणाहूनच घ्यावीत, आणि बाहेरून आलेली अवजारे व वाहनांची चाके धुतल्याशिवाय बागेत येऊ देऊ नयेत.