जर्मनीतलं वाळवण: गांजा, पाऊस आणि उघडी खिडकी

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला स्वतःपुरती गांजाची तीन झाडं घरी लावता येतात आणि ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला माल घरात ठेवता येतो. (भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली हे सगळं गुन्ह्यात मोडतं, तेव्हा पुढचं सगळं जर्मनीपुरतंच धरा.) कायदा झाला, बाल्कनीत झाडं आली. पण बाहेर लावलेली झाडं काढणीला येतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमका पाऊस आणि धुकं सुरू झाल्यावर. माझं संशोधन अन्नपदार्थांच्या सुकवणीवर आहे, त्यामुळे इथले ओळखीचे लोक मला हल्ली मिरच्यांपेक्षा याबद्दलच जास्त विचारतात.

अमेरिकन बागायतदारांचा एक ‘साठ-साठ’ नियम आहे: ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा सेल्सिअस, आणि ६० टक्के आर्द्रता. त्यात अंधारी खोली आणि हळू फिरणारी हवा धरली तर आठवडा ते दोन आठवड्यांत फुलं छान वाळतात. पण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात हे कुठून आणायचं? मग लोक न्हाणीघरात दोरी बांधतात, दार-खिडकी घट्ट लावतात, कारण बाहेर पाऊस आहे आणि ‘दमट हवा आत नको’.

इथेच गणित चुकतं.

ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. ५० ग्रॅम वाळलेला माल म्हणजे सुमारे २०० ग्रॅम ओली फुलं. देठ-पानं धरून ४०० ग्रॅम टांगलेत असं समजू. त्यातून जवळपास ३०० ग्रॅम पाणी बाहेर पडणार. आता न्हाणीघर १२ घनमीटरचं असेल, तर २० अंशांना तिथली हवा अगदी काठोकाठ भरली तरी २१० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, आणि त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली असते. म्हणजे बंद खोलीत ते पाणी मावतच नाही. ते भिंतीवर बसतं, नाहीतर फुलातच राहतं.

बरं, बाहेरच्या पावसाळी हवेचं काय? १० अंशांना ९० टक्के आर्द्रता ऐकायला भयंकर वाटते. पण थंड हवेची पाणी धरायची ताकदच कमी असते: त्या हवेत एका घनमीटरमागे साडेआठ ग्रॅमच वाफ असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांवर येते. बाहेर दमट, आत कोरडी! जर्मन घरमालक दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायला लावतात ते उगीच नाही. तेव्हा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, मग बंद करून खोली पुन्हा तापू द्या. छोटा पंखा लावलात तर भिंतीकडे तोंड करून, थेट फुलांवर नको.

हे कोकणात मात्र चालणार नाही. जुलैतली २७ अंशांची, ९० टक्क्यांची हवा घनमीटरमागे २३ ग्रॅम पाणी घेऊन येते, आणि आत काही जास्त गरम नसतं. तिथे हवा तापवावीच लागते. चुलीवरच्या माळ्यावर ४० अंश झाले की तीच हवा ४५ टक्क्यांवर येते, आणि मिरची, कोकम टिकतं. मिरचीला ती ऊब चालते. गांजाचा वास मात्र उडून जातो, कारण त्यातली टर्पिनं सहज बाष्प होणारी असतात. ओव्हनमध्ये ठेवणं हा तर आणखी वाईट प्रकार: बाहेरचा थर कुरकुरीत, आतला देठ ओला.

ओला देठ हाच खरा धोका. बोटांना ‘वाळलं’ असं वाटलं म्हणून बरणी बंद केली की आतलं पाणी बाहेर सरकतं आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा मऊ पडतं. बुरशीला महत्त्व एकूण पाण्याचं नसतं, मोकळ्या पाण्याचं असतं. त्याला आम्ही वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतो. ती साधारण ०.६ च्या खाली गेली की बुरशी वाढू शकत नाही. गांजाच्या फुलांसाठी अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात ०.५५ ते ०.६५ ही मर्यादा आहे. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. ॲस्परजिलस बुरशीचे कण धुरातून थेट फुप्फुसात जातात, जाळल्याने ते सगळे मरतील याची खात्री नाही. केमोथेरपी किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णांमध्ये यातून जिवावर बेतणारा संसर्ग झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अशा माणसाने घरी वाळवलेला माल वापरूच नये; औषधी गांजा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, तपासलेला मिळतो. आणि बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून उरलेलं ठेवायचं नाही. राखाडी बुरशी बरेचदा देठापासून, आतून सुरू होते. ते सगळं फूल आणि त्याला चिकटलेली शेजारची फुलं टाकून द्या.

खोली सुधारता येत नसेल तर माल सुधारा. अख्खं झाड न टांगता फांद्या सुट्या करा, मोठी पानं आधीच काढा, जाड फुलं फोडून जाळीवर एका थरात पसरा. वास थोडा कमी होईल. माझ्या मते हा सौदा परवडतो.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची बरणी दोन तृतीयांश भरा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, झाकण लावा आणि एक दिवस थांबा. बंद बरणीतली हवा फुलाशी समतोलात येते, म्हणून आकडा ६० आला तर वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६०. ६५ च्या वर असेल तर झाकण उघडून पुन्हा वाळवा. ७५ आला तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढून पसरा. फक्त स्वस्तातला मापक पाच-पाच टक्के खोटं बोलतो. त्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासोबत डबीत बंद ठेवा. सात-आठ तासांनी ७५ दिसायला हवेत. ७९ दिसले तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून चार वजा करा.